सर्वात जास्त

कचेरीच्या दाराला कुलूप होतं.
बाहेर पत्रपेटी, आत मी,
मधे काच, काचेवर कागद:
आत येऊ नये, फोन करावा.
मे संपत आलेला. नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांवर
गवत पोटरीला लागलेलं,
आणि खाली कत्तलखाने आजाराने बंद,
म्हणून विकायला काढलेले गोऱ्हे
नुसतेच खात उभे.

मी विचारायचे, दिवसातून तीस वेळा:
सोळा एप्रिल ते चौदा मे,
यातला कुठलाही एक दिवस सांगा
ज्या दिवशी तुमच्याकडे जनावरं
सर्वात जास्त होती.

माणसं हसायची.
एकाने विचारलं, मेव्हणे धरायचे का?
मग पलीकडे वहीची पानं उलटत.

आर्लिस वोंड्राचेक हसली नाही.
म्हणाली, थांब, वही मर्लच्या शर्टात आहे,
तिथेच ठेवते मी.
रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा ठक् आवाज.
जिन्यावर पावलं, वर जाणारी.
खाली येणारी बऱ्याच वेळाने.
माझ्या यादीत अजून अकरा नावं होती.

आली तेव्हा आवाज नुकताच धुतल्यासारखा:
तेवीस एप्रिल. दोनशे चौदा.
दोनशे दहापर्यंत त्याच्या अक्षरात,
पुढचे चार माझ्या.

मी लिहिलं. सांगितलं,
डोक्यामागे तेहतीस डॉलर,
शंभरातले ऐंशी आता, उरलेले मागाहून,
पुरले तर.
पुरावा लागत नाही, सही पुरते.
सही कुणाची, ती म्हणाली.
कुरण कुणाच्या नावावर आहे, मी विचारलं,
आणि विचारून झाल्यावर समजलं.

सोमवारी कचेरी उघडायच्या आधीच तिचा फोन.
एक कमी कर.

तेवीसच्या रात्री ती कर्नीला, इस्पितळाबाहेर गाडीत.
आत सोडत नव्हते. तिसऱ्या मजल्यावरची एक खिडकी
नर्सने दाखवून ठेवली होती.
घरी शेजारचा पोरगा, टोबिन, सोळा वर्षांचा,
अडलेल्या गाईमागे साखळी धरून.
त्याचा मेसेज आला: झालं. कालवड. उभी राहिली.
तिने गाडीतल्या दिव्यात लिहून टाकलं, तेवीस.
आणि काल तो म्हणतो,
बारा वाजून गेले होते.

मग चोवीस तारीख घालू, मी म्हटलं. आकडा तोच राहील.
चोवीसला बर्फात दोन गेली, ती म्हणाली.
पण पहाटेपर्यंत तर होती ना?
होती. साडेबारा ते तीन, दोनशे चौदा होती.
थोडं थांबली.
चोवीस मला कागदावर नको.

तेहतीस डॉलर, मी म्हटलं. उगाच म्हटलं.
माहीत आहे किती, ती म्हणाली.

अर्ज पेटीत पडला तेव्हा
चौदा खोडून तेरा केलेले,
बाजूला नियमाप्रमाणे आद्याक्षरं,
कागदाला डिझेलचा वास.
मी गुणाकार दोनदा केला.
पाच हजार सहाशे तेवीस डॉलर, वीस सेंट,
जूनमध्ये जमा.

टोबिनच्या कालवडीचे त्यात काहीच नाहीत.
ती असेल कुठेतरी उत्तरेच्या कुंपणाशी,
कानात पिवळा बिल्ला,
दोनशे चौदा.