तोंड

अक्युरेयरीत डिसेंबरात उजाडतं ते अकराच्या पुढे,
आणि जेवण होऊन भांडी विसळेपर्यंत मावळतंही.
माझ्या बाकावरचा दिवा मात्र सदा जळतो.
त्याच्या उजेडात रोज परक्या माणसांची तोंडं येतात,
पिवळ्या प्लॅस्टरची, वरचा साचा, खालचा साचा,
सोबत चिठ्ठी. नाव नसतं. नंबर, वय,
आणि डॉक्टरांची घाईतली ओळ:
झोपेत श्वास थांबतो, तासाला एकतीस वेळा.
खालचा जबडा पाच मिलिमीटर पुढे.

एवढंच माझं काम.
वरच्या दातांना एक टोपी, खालच्यांना एक,
दोन्ही बाजूंना मुंगीएवढे स्क्रू,
म्हणजे रात्री जीभ मागे कलंडून
घशाचं दार लावून घेत नाही.
शेजारीण विचारते, हाल्वेग, तू दात करतेस ना?
नाही गं. मी दाराला पाचर लावते.

मंगळवारी चारशे बारा नंबर उघडला.
वय चोपन्न.
वरचा पुढचा डावा दात
कोपऱ्यात तिरका तुटलेला.

हा दात मी ओळखते.
मीच तोडलाय तो,
घसरगाडीच्या लोखंडी कडेने,
मी सहाची, तो नऊचा.
तोंडात रक्त धरून त्याने आईला सांगितलं,
मीच पडलो.

वडिलांची बोट विकायची की नाही,
एवढ्यावरून अकरा वर्षं अबोला.
'पुन्हा तुझं तोंड पाहणार नाही,' म्हणाले होते मी,
दाल्विकच्या धक्क्यावर, मासे उतरवणाऱ्यांच्या देखत.
आता तेच तोंड माझ्या तळहातावर, पालथं,
आणि उलटून एक शब्द बोलत नाही.

वडील असेच घोरायचे.
लाकडी भिंतीच्या अलीकडे आम्ही दोघं एका खाटेवर,
घोरणं थांबलं की मोजायला लागायचो.
बारा. तेरा. सतराला थोरगिल्स माझं मनगट दाबायचा.
मग पलीकडे एक हिसका,
बुडता माणूस पाण्यावर यावा तसा,
आणि श्वास घ्यायचो तिघंही एकदम.
तेव्हा त्याला नाव नव्हतं.
दमलेला माणूस घोरतो, आई म्हणायची.

मग तो बोटीवर जायला लागला, मोजायला मी एकटी.
फेब्रुवारीतल्या एका रात्री
अठ्ठेचाळीसला मला झोप लागली.

हे कुणाला सांगितलेलं नाही.
त्या दिवशी प्लॅस्टरला सांगितलं.

चारशे बाराला तास जास्त गेला.
जिभेकडची कड मी नखावर घासून पाहिली,
मग ओठावर, मग पुन्हा घासली.
तुटक्या दातापाशी जागा सोडली,
जशी सगळ्यांना सोडते, किंचित जास्त.
बिल नेहमीचंच लावलं.
डबीवर नंबर चिकटवला, नाव नाही,
नियम म्हणजे नियम.

तीन आठवड्यांनी डबी परत.
चिठ्ठीवर डॉक्टरांच्या अक्षराखाली दुसरं अक्षर,
पेन्सिलीचं, मोठमोठं,
गोठलेल्या बोटांनी लिहावं तसं:
उजवीकडे टोचतंय. लाळ गळते.
बाकी बायको आता झोपते.

अकरा वर्षांतलं पहिलं वाक्य.
त्याला ठाऊक आहे का, ते कुणाला लिहिलंय?
उत्तर प्लॅस्टरमध्ये नाही, मी शोधलं.

चष्मा पुसला.
उजवी कड केसभर उतरवली.
लाळ महिन्याभरात आपोआप कमी होते, तसं लिहिलं,
आणि खाली, परत टोचलं तर कळवा.

डबी बंद केली. कोट चढवला.
बाहेर अडीचलाच अंधार.
कोटासकट परत बाकाशी आले,
डबी उघडली,
'कळवा' खोडलं,
'कळव' लिहिलं.