उतुयार्वी, शनिवारी

घटस्फोटात बर्फाचं गिरमिट वेसाकडे गेलं,
घसरगाडी माझ्याकडे.
म्हणून दर हिवाळ्यात निदान एकदा
आम्हाला एकमेकांना फोन करावा लागतो.

या वेळी त्यानेच केला. मंगळवारी, ऐन जेवणाच्या वेळी.
म्हणाला, नेहमीचं तळं नको.
मी कारण विचारलं नाही.
तिथला पट्ट्यापट्ट्यांचा प्रत्येक पर्च
आम्हाला जोडीने ओळखतो,
हे काय बोलून दाखवायचं?

नकाशा स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरलाय.
चार कोपऱ्यांवर कॉफीचा डबा, मीठ, कात्री
आणि अळ्यांची डबी, जी एरवी फ्रिजमध्ये
लोण्याशेजारी गुण्यागोविंदाने नांदते.
उतुयार्वी: एक निळा डाग, वाकड्या मोज्यासारखा.
खोलीच्या रेषा काठाकाठाने, दोन मीटर, चार मीटर,
पुढे मोजणाऱ्यालाच थंडी वाजली असावी.
मधला भाग कोरा.

पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात.
पाण्यावर स्टूल टाकून बसणाऱ्यांबद्दल
कोणी काही सांगून ठेवलेलं नाही.

काठावर एकच घर, एकच नंबर: एन्सिओ.
रिंग बराच वेळ वाजली. मग एक खोकला आला
आणि खोकल्यामागून माणूस.
बर्फ किती आहे? मी विचारलं.
पलीकडे सामसूम.
वाटलं, ठेवला फोन;
तर तो खिडकीपाशी जाऊन आला होता.
"परवा बेटाजवळ वीस सेंटिमीटर. काळा बर्फ, चांगला.
ओढा येऊन मिळतो तिकडे मात्र फिरकू नका.
तिथे पाणी खालून कुरतडतं, आणि वर हिम
इतकं शहाण्यासारखं पडलेलं असतं."

मासे कुठे?
"सायमाच्या होडीघरासमोर."
होडीघर नकाशावर नाही, मी म्हटलं.
"नसणारच. जळालं ते. मी शाळेत होतो."
मग आम्हाला सापडणार कसं?
"तिथे काहीच नाहीये," तो समजावणीच्या सुरात म्हणाला,
"ते लांबूनच दिसतं."

मग त्याची पाळी. कितीजण?
दोघं.
"नवरा-बायको?"
आता मी खिडकीपाशी जाऊन आले.
उणे चौदा. गल्लीच्या टोकाला बर्फ काढणाऱ्या गाडीचा
पिवळा दिवा, फिरत.
"गिरमिट त्याचं आहे," मी म्हटलं.
एवढं त्याला पुरलं.

"बरं. मग चालताना मध्ये दहा पावलं ठेवा.
जवळजवळ चाललात तर दोघं एकदमच जाल.
फार लांब राहिलात, तर हाक पोचायची नाही.
दहा. आणि दोर."

पाकिटाच्या पाठीवर यादी करते:
खिळ्यांच्या मुठी, गळ्यात अडकवायच्या, दोन जोड.
थर्मास दोन, कारण तो साखर घालतो.
काळा पाव. आगपेटी. ती ओली झाली तर दुसरी.
लोकरीचे मोजे, माझे,
आणि जास्तीचा एक जोड, मोठ्या मापाचा;
कोणासाठी ते लिहीत नाही.
शुक्रवारी साडेतीनला निघायचं,
म्हणजे अंधारातच.

रात्री वेसाला सगळं कळवलं.
दहा पावलं म्हटल्यावर तो हसला.
कोणाची? तुझी की माझी?
तुझी, मी म्हटलं, तुझे पाय लांब.

आणि दोर?
तिकडे कपाट उघडल्याचा आवाज, काहीतरी पडलं.
मीही फोन कानाला लावून तळघरात उतरले:
वल्ही, तुटक्या पट्ट्याची स्की,
ख्रिसमसच्या झाडाचा लोखंडी पाय.
वकिलाच्या कागदावर सगळं ओळीने लिहिलेलं होतं,
अगदी चमच्यांपर्यंत.
दोर कोणाकडे गेला,
ते दोघांनाही आठवेना.