टबाचं वजन

वैधमापन कार्यालयात एकतीस वर्षं
मी पितळी वजनांची पेटी उचलली.
साहेब बदलले अकरा. त्यातल्या चौघांना
काटा कुठे दुखतो ते कळायचं.
बाकीचे शिक्का मारून शहाळं मागवत.
मी परीक्षा दिली नव्हती, म्हणून बढती नव्हती.
पण ज्येष्ठतेच्या यादीतलं माझं नाव
कुणाच्या मेहुण्याला खोडता आलं नाही, हेही खरं.

प्रणाली गेली मिरकरवाड्याच्या अलीकडे,
कोळंबीच्या कंपनीत.
पांढरे गमबूट, केस जाळीत, बोटं बर्फात.
सहा महिन्यांत मॅनेजर म्हणाला, पोरगी तयार आहे,
आणि तिला सुपरवायझर केलं.
ना फाईल, ना रोस्टर. मी पेढे वाटले
आणि रात्री, खोटं कशाला बोलू, थोडा जळलो.

शेडमध्ये सोलणाऱ्या बायका चाळीस.
किलोमागे पैसे.
काटा नवा, लाल आकड्यांचा,
टबाचं वजन आपोआप वजा करणारा.
टब आठशे ग्रॅमचा. काटा वजा करायचा किलो.
तिने विचारलं. सांगितलं गेलं, पाण्याचे धर.
तिने पाणीही मोजलं.
मोजायला मीच शिकवलंय तिला.

शनिवारी फोन आला: सोमवारपासून नको.
पगार मात्र त्याच संध्याकाळी खात्यात,
पै न पै.
(माझी ग्रॅच्युइटी चौदा महिने
एका टेबलावर आजारी होती.)

मी जुन्या कचेरीत गेलो. आंबेरकर होता.
बावीस वर्षं पेपरातलं कोडं सोडवणारा आंबेरकर,
ज्याला मी मनातून हजारदा काढून टाकलं
आणि ज्याला कुणीच काढू शकत नाही.
अर्ज वाचला. चष्मा पुसला.
टेबलावरचा फोन वाजला, बराच वेळ वाजला,
त्याने वाजू दिला.
"शिवलकर, तुमची जागा अजून भरलेली नाही.
पेटी तुम्हीच घ्या. आजच जाऊ."
वाटेत दोनदा विचारलं,
हे नवे काटे उघडतात कुठून?

उघडायचं काही नसतं, साहेब.
रिकामा टब ठेवा.

त्याने ठेवला. चाळीस सुऱ्या थांबल्या.
लाल आकडा थरथरला, मग स्थिरावला:
उणे दोनशे.

दिवसाची पहिली कोळंबी अजून हातात घेतली नव्हती,
आणि पहिल्या पाटावरची जैनब
कंपनीला दोनशे ग्रॅम देणं लागत होती.