काचेचं कपाट

नव्या कपाटाला कुलूप आहे, किल्ली अध्यक्षांकडे.
वर पितळी पट्टी: अभिजात.
गुजरीमागून कोरून आणलेली,
कारागिरानं 'भ'ला पोट जरा जास्तच दिलंय.

चौथ्या शनिवारी समिती बसली, चहा सहा, खारी एक पाकीट.
विषय एकच:
सात वर्षांपूर्वीचं पुस्तक ह्या कपाटात बसतं का?
'नऊ नंबरचा गाळा'. गुळाच्या सौद्यातल्या एका तोलाराची गोष्ट.

सरनोबत सर म्हणाले, पन्नास वर्षं तरी जाऊ द्या,
लेखक अजून राजारामपुरीत रिक्षाला हात करतो,
अशा माणसाला अभिजात कसं म्हणायचं?
ॲडव्होकेट इंगवलेबाईंनी यादी आणली होती,
पुरस्कार किती, भाषांतरं किती,
प्लॅस्टिकच्या फोल्डरात.
देणगीदारांनी विचारलं, जाड आहे का?

मी इतिवृत्त लिहीत होते.
इतिवृत्तात कारकुनाचं मत लिहीत नाहीत.

माझ्याकडे असतं ते देवघेवीचं रजिस्टर.
त्यात शिरोलीचा एक फिटर आहे, रात्रपाळीचा,
आणि मंगळवार पेठेतली एक बाई, तिनं हेच पुस्तक तिसऱ्यांदा नेलं.
वाचलंय की तुम्ही, म्हटलं.
तर म्हणाली, तेव्हा सून होते.

आणि दस्तगीर बागवान.
शुक्रवार पेठेत पंक्चर काढतो.
पुराचं पाणी गल्लीत शिरलं तेव्हा पुस्तक त्याच्याकडं होतं.
दोनशे चौदा दिवसांनी आला.
दंड आधीच मोजून आणलेला, ट्यूबच्या रबरात गुंडाळून.
पुस्तक पावासारखं फुगलेलं,
पान न् पान इस्त्री केलेलं,
दोनतीन ठिकाणी इस्त्रीचं तपकिरी टोक उमटलेलं,
आणि एकशे तेरा-चौदाच्या जागी
वहीचा कागद, निळं बॉलपेन,
रेघ सोडून वर चढत गेलेलं अक्षर.

"एक पान गेलं बघा पाण्यात. मग लिवलं."
कुठनं बघून?
"बघून कशाला? येतंय की."

त्या संध्याकाळी दार ओढून घेतल्यावर
मी दुसरी प्रत काढली आणि बोट ठेवून ताडून पाहिलं.
ते पान म्हणजे, काट्यावर गुळाचा रवा आहे,
शेतकरी पाणी प्यायला गेलाय,
अडत्या डोळ्यानं खुणावतो, दोन किलो कमी धर.
अकरा शब्द चुकले होते.
एक अख्खं वाक्य त्यानं गाळलं होतं, आणि खरं सांगते,
ते मलाही कधी आवडलं नव्हतं.
पण छापील पुस्तकात तोलार गप्प राहतो.
पुढची शंभर पानं त्या गप्प राहण्यावरच उभी आहेत.
दस्तगीरच्या कागदावर तो म्हणतो,
"न्हाई."
एवढंच. आणि खाली ओळीभर जागा कोरी सोडलेली.

हे मी समितीला सांगितलं नाही.
कुठल्या मुद्द्याखाली सांगणार?

ठराव क्रमांक चार: पुस्तक कपाटात घ्यावे,
त्यासाठी कोरी प्रत मागवावी, जुनी भिजकी प्रत बाद करावी.
सूचक, अनुमोदक, सर्वानुमते.
कोरी आली, पंधरा टक्के सूट मिळाली,
ताठ पाठीनं काचेआड उभी आहे.
श्रावणापासून कुणी किल्ली मागितलेली नाही.

जुनी बाद केली असं रजिस्टरात लिहिलंय,
तारीख घालून, सही करून.
ती माझ्या टेबलाच्या खालच्या खणात असते,
शेजारी डबा, छत्री.
'नऊ नंबर हाय काय?' असं कुणी विचारलं
तर काढून देते.

परवा एक कॉलेजचा पोरगा परत करायला आला.
काउंटरवर ठेवलं, पण हात काही काढेना.
मॅडम, ते हातानं लिहिलेलं पान,
ते लेखकाचंच ना?

मी शिक्क्याची तारीख फिरवत होते.
"व्हय," म्हटलं,
आणि शिक्का
उद्याचा उमटला.