पट्टी

महिन्याच्या पहिल्या रविवारी, अंघोळ झाल्या झाल्या
कंपासपेटीतली पट्टी घेऊन
मी हेरंबच्या पाठीमागे बसते.
उजव्या फऱ्याखाली. तिथेच आहे.

जन्मला तेव्हा मसुरीएवढा.
नर्स म्हणाली, पाठीवर तीळ, नशीब काढणार पोरगा.
दिवाळ्याची आत्या म्हणाली,
ग्रहणात काय चिरलंस, खरं सांग.
बोंबलांसाठी एक लिंबू चिरलं होतं.
नाही सांगितलं.

आता राजम्याएवढा.
लसीकरणाच्या पुस्तकात, शेवटच्या कोऱ्या पानावर
जानेवारी सात, एप्रिल सात,
जून साडेसात
(गुदगुल्या झाल्या, तो हलला)
जुलै पुन्हा सात.

वाशीच्या गद्रे डॉक्टरांनी भिंगाचा दिवा टेकवला,
बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, लहान मुलांत फार क्वचित हो.
फुग्यावर पेनाने ठिपका काढा नि फुगवा,
ठिपकाही पसरणारच.
पण कडा फाटल्या, रंगात रंग मिसळले,
खाज, रक्त,
किंवा तो मुलाच्या पुढे धावायला लागला,
तर तारखेची वाट बघू नका. या.

त्या आजाराचं नाव त्या एकदाच बोलल्या.
मी पार्किंगमध्ये ते दोनदा म्हणून पाहिलं,
गाडीच्या काचा वर करून.

तेव्हापासून पोहणं संध्याकाळच्या बॅचला.
सीवूड्सच्या मैदानावर मॅचच्या आधी
मानेला, कानांना, पोटऱ्यांना पांढरं क्रीम.
पोरं त्याला पनीर म्हणतात.
तो हसतो. मी घरी येऊन भांडी आपटते.

जीव तीळतीळ तुटतो म्हणतात.
कुठे तुटतो, किती,
मला मिलिमीटरमध्ये सांगता येईल.

आज त्याने पट्टी हिसकावली.
आता तू वळ.
माझे केस वर उचलले, ओल्या हातांनी.
आई, इथे एक आहे.
तुला माहितीये?

चाळीस वर्षं माझ्या मागे आहे,
आणि मला माहीत नव्हतं.
मानेवर गार प्लास्टिक.
हलू नको म्हणतो, अगदी माझ्या आवाजात.
सहा. नाही, थांब.
लाइट लाव ना.

मग पुस्तक ओढून घेतो,
स्वतःच्या आकड्यांखाली एक आडवी रेघ मारतो,
आणि लिहितो, आई.
पुढे काहीच नाही.
पेन तोंडात धरून
पुन्हा वाकून बघतो.