हिप्परग्यावरची मोजणी

हिप्परग्याला समुद्र नाही,
हे आधीच सांगून टाकते.
बंदर नाही, दीपस्तंभ नाही,
तुळजापूर रस्त्यावरून ट्रक जातात, तेवढीच गाज.
तरी दसरा सरला की वारा तोंड फिरवतो
आणि एके सकाळी पाण्यावर
काल नसलेलं काहीतरी तरंगत असतं.

बोद्धूल मामा सायकल बाभळीला टेकवतात.
कॅरियरला भाकरी, शेंगाचटणी,
तडा गेलेली दुर्बीण
आणि कारखान्यातली ती लांबुडकी वही,
जिच्यात पूर्वी तुटलेल्या धाग्यांचा हिशेब असायचा.
पहिली चाळीस पानं अजून धाग्यांचीच आहेत.
एकेचाळिसाव्या पानावर : धोबी, एक. शेपटी हलवतो.

एकतीस वर्षं लूमखात्यात.
कान तिथंच राहिले, म्हणतात,
छत्री विसरल्यासारखं.

म्हणून मला नेतात.
मी आवाज ऐकायचा, त्यांच्या खांद्याला बोट लावायचं,
आणि बोट ज्या दिशेला, तिकडे दुर्बीण.
तुतवार चिखलावरून शीळ घालत उठतो — बोट.
कुरव उगाच भांडतात — बोट नाही,
कुरवांना ते मोजत नाहीत, का ते विचारलेलं नाही.

मोजणी तेलुगूत, ओठांतल्या ओठांत,
ओकटी, रेंडू, मूडू,
लिहिणं मराठीत :
शेकाट्या दोनशे दहा.
थापट्या अंदाजे चारशे.
तलवार बदक, ऊन डोळ्यांवर, उद्या परत बघणे.
चक्रवाक दोन. दोघांत अंतर फार.

मी एकदा म्हणाले, वहीच्या कोपऱ्यावर लिहूनच दाखवलं,
मामा, हे धोट्यासारखंच की,
इकडून तिकडं, तिकडून इकडं.
त्यांनी वाचलं, चटणीचं बोट पुसलं, म्हणाले,
धोट्याला मागून दणका बसतो गं.
ह्यांना कोण मारतंय?

माझं काम स्टेशनजवळ, श्रवणयंत्रांच्या दुकानात.
दिवाळीच्या बोनसमधनं
मी त्यांना एक घेतलं, कातडीच्या रंगाचं, कानामागचं.
त्यांनी डबी तीन आठवडे उघडली नाही.
पट्टकादंब येऊ देत, म्हणाले.
हिमालय ओलांडून येतात, त्यांचं ऐकू.

आले. कार्तिक संपता संपता,
मालदांडी गुडघ्याला लागली होती,
धुकं असं, की पलीकडची मोटारपंपाची खोली दिसेना.
आधी मला ऐकू आले,
उंचावरून, नाकातून बोलल्यासारखे,
मग रांग खाली झुकली,
डोक्यामागच्या त्या दोन काळ्या पट्ट्या,
चादरीच्या काठासारख्या अगदी नेटक्या.

मामांनी यंत्र कानात घातलं.
मी बटण फिरवलं, एक, दोन.
यंत्र आधी शिट्टी वाजवून घेतं, तसं वाजलं.
वारा. बाभळीच्या शेंगा.
माझ्या बांगड्या, ज्यांच्याकडे त्यांनी दचकून पाहिलं.
मग ते.

त्रेचाळीस पट्टकादंब एका वेळी पाण्यावर उतरले.
मामा मोजायचं विसरले.
बराच वेळ तोंड जरा उघडं.

मग म्हणाले, एवढाच?

मला वाटलं होतं, म्हणाले,
एवढ्या लांबून यायचं
म्हणजे निदान एका शिफ्टइतका आवाज असेल.
तीनशे लूम एकदम सुरू झाल्यासारखा.

यंत्र काढून खिशात ठेवलं,
बिडीच्या बंडलाशेजारी,
तिथंही ते बारीक शिट्टी वाजवत राहिलं,
ती मलाच ऐकू येत होती.
त्यांनी दुर्बीण उचलली, तडा गेलेली बाजू
डाव्या डोळ्यावर, नेहमीप्रमाणे,
आणि पुन्हा पहिल्यापासून, ओकटी.

वहीत त्या दिवसाच्या ओळीत लिहिलंय :
पट्टकादंब ४३.
पुढे, वेगळ्या शाईत, बहुतेक घरी गेल्यावर :
हळू बोलतात.