तीन दशांश

ब्रेथवेटच्या डाव्या किडनीत
अकरा मिलिमीटरचा खडा.
पडद्यावर खडा असा फारसा दिसत नाहीच,
दिसते ती त्याच्यामागची काळी पट्टी.
मी सावली बघते आणि म्हणते, हा दगड.

म्हातारा पोटावरचं जेल पुसत म्हणाला,
आम्हीपण असंच करतो.

पन्नास वर्षं त्यानं गडगे रचले,
चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड,
सेटलपासून पार मालमच्या माळापर्यंत.
आता त्याला आकार हवाय एकाच दगडाचा,
मंगळ आणि गुरूच्या मधल्या,
अडीचशे किलोमीटर, वेडावाकडा,
सहा तासांत एक गिरकी.
नाव ग्रीक, नंबर पंधरा.
"गुरुवारी एका ताऱ्यावरून जाणार आहे.
सावली आपल्या दरीवरून.
स्टॉपवॉच धरायला माणूस नाही."

मुतखड्याच्या पेशंटबरोबर रात्री दोन वाजता
मेंढ्यांच्या कुरणात उभं राहायचं,
हे आईला फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.
गेले.

गोठलेलं गवत बुटाखाली करकरत होतं.
मधूनच तो कंबर धरून वाकायचा,
त्याचा दगडही जागा होता.
फ्लास्कला झाकण एकच, चहा आळीपाळीनं.
लँकेस्टरपासून स्कॉटलंडच्या सीमेपर्यंत
आणखी सात जण असेच कुडकुडत होते म्हणे,
प्रत्येकाच्या वाट्याला त्या दगडाची एकेक रेघ.
"नजर हलवू नको. तारा आणि दगड आता एकच झालेत."
मला आपला एक ठिपका.

ठिपका बसला.
विझला नाही. एकदम खाली बसला,
आणि उरला तो दगडाचा उजेड,
म्हणजे सूर्याचाच, उसना.
मी दचकले. मग बटण दाबलं.
एकोणीस सेकंद
पंचवीस कोटी किलोमीटरवरचा धोंडा
आमच्या डोक्यावर,
आणि वजन काहीच नाही.
एक मेंढी खोकली, माणसासारखी.
तारा परत आला. या वेळी मी तयार होते.

शेडमध्ये वहीत आकडे मांडताना म्हणाला,
डोळ्यापासून बोटापर्यंत यायला उशीर होतोच,
ज्याचा त्यानं वजा करायचा.
आणि मला न विचारता
तीन दशांश वजा केले.

मी मागची पानं उलटली.
वीस वर्षं, ओळीओळीला, हिरव्या शाईत,
तीन दशांश. तीन दशांश. पुढे एम.
एम म्हणजे मॉरीन. गेल्या मार्चपर्यंत.

माझा अर्धा सेकंद तरी होता.
सांगणार होते.
तो पेनाचं टोपण शोधत होता, माझ्याच हातात होतं ते.

महिन्यानं आकृती आली, आठ रेघांची,
कोंब फुटलेल्या बटाट्यासारखी.
पाचव्या रेघेपाशी काठ आत गेलाय,
तीनेक किलोमीटर.
कुणीतरी तिथे लिहिलंय, विवर, आणि प्रश्नचिन्ह.

ब्रेथवेटनं ती शेडच्या दारावर लावलीय.
फोडून काढलेल्या त्याच्या खड्याचा चुरा
खालच्या फळीवर, मोहरीच्या बाटलीत.
येईल त्याला विवरावर बोट ठेवून दाखवतो,
आमच्या रेघेत सापडलं, म्हणतो,
आणि माझ्याकडे बघतो.

हो, म्हणते मी.